दोन हेक्टरची रेषा

2008 च्या कर्जमाफीत केंद्र सरकारने एक रेषा आखली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असेल, तर बाकीचं भरल्यावर साधारण चौथा हिस्सा सुटणार. कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या भागात दोन हेक्टरवाला माणूस पोराबाळांची शिक्षणं करून, घर बांधून सुखाने राहू शकतो. इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-घाटंजीकडचा सात-आठ एकर कोरडवाहू वावराचा कास्तकार पावसाच्या एका खंडाने कर्जात जातो. त्या रेषेने पहिल्याला गरजू ठरवलं आणि दुसऱ्याला मोठा शेतकरी. सावकाराचं देणं तर हिशेबातच नव्हतं.

अर्थशास्त्रात एम.ए. करायला गेलेल्या यवतमाळच्या पोराला किंवा पोरीला हीच रेषा वर्गात पुन्हा भेटते. मार्टिन कान्झ नावाच्या अर्थतज्ज्ञाने गुजरातमधल्या शेतकरी कुटुंबांची पाहणी करून या कर्जमाफीचे परिणाम तपासले. त्याचा निबंध 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. युक्ती साधी आणि सुंदर आहे. पावणेदोन हेक्टरवाला आणि सव्वादोन हेक्टरवाला यांच्यात एरवी फारसा फरक नसतो. फरक एवढाच, की एकाचं सगळं कर्ज गेलं आणि दुसऱ्याचं बरंचसं राहिलं. मग पुढे दोघांच्या वागण्यात जे अंतर पडलं, ते बहुतांशी कर्जमाफीच्या खात्यावर मांडता येतं. कान्झला असं दिसलं, की माफी मिळालेल्यांनी शेतीत जास्त गुंतवणूक केली नाही. उलट त्यांची उत्पादकता घटली.

उपयोजित अर्थशास्त्राची ताकद अशी एका उदाहरणात कळते. ज्या रेषेमुळे आपल्या बापाचं कर्ज तसंच राहिलं, तिच्याच आधाराने कोणी काही सिद्ध करू शकतो, हे वयाच्या बाविसाव्या वर्षी समजणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच क्षणी पुढचा प्रश्न मनात उठला पाहिजे. गुजरातेत जे दिसलं, ते यवतमाळात दिसेल का? जिथे बँकेचं कर्ज हा एकूण देण्याचा एक तुकडा असतो, तिथे तो तुकडा माफ होऊन माणूस नव्याने उभा राहतो, की बाकीच्या तुकड्यांखाली दबलेलाच राहतो? हा प्रश्न ज्याला पडतो, त्याची पदवी सुरू झाली असं मी मानतो.

जमिनीच्या नुसत्या आकारावर प्रश्न विचारण्याची आपल्याकडे जुनी परंपराही आहे. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 मध्ये भारतातल्या लहान शेतधारणांवर निबंध लिहिला. शेती किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या आकारावरून ठरत नाही; जमिनीला भांडवल, अवजारं, श्रम यांची जोड कोणत्या प्रमाणात आहे यावर ते ठरतं, असा त्यांचा मुद्दा होता. जमिनीवरचा माणसांचा भार कमी व्हायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. नव्वद वर्षांनी सरकारने हेक्टर मोजून गरजू निवडले. एम.ए.च्या वर्गात हा निबंध आणि ती योजना शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवीत.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. प्रश्नावली घेऊन एखाद्या अंगणात बसलं आणि विचारलं, ‘‘काका, कर्ज किती आहे जी?’’ तर उत्तर बँकेचं किंवा सोसायटीचं येतं. कृषी केंद्राची उधारी? ती कर्जात धरलीच जात नाही. कापूस निघाला की ती देऊन टाकायची असते. साळ्याकडून हातउसने आणलेले पैसे, गहाण पडलेली पोत, हे तर वेगळं खोदून विचारल्याशिवाय बाहेरच येत नाही. मग घरातल्या बाईला विचारावं, की काकू, निंदणाला, खत द्यायला, वेचणीला तुम्ही स्वतःच्या वावरात किती दिवस गेलात? ती हसून म्हणते, ‘‘घरचंच काम ते बाप्पा, त्याचे का दिवस मोजतेत?’’ दुसऱ्याच्या वावरात वेचलेला कापूस मात्र तिला किलोकिलोने आठवतो, कारण त्याचे पैसे हातात आले.

तिच्या या न मोजलेल्या दिवसांवर दिल्लीतला एक मोठा आकडा उभा असतो. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना बियाणं, खत, फवारणी, मजुरी असा रोखीचा खर्च धरतो, त्यात घरच्यांच्या श्रमाची अंदाजे किंमत मिळवतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलं, की खर्चाचा दुसरा, मोठा आकडा तयार होतो. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये जाहीर झाला. खर्च धरला 5,140 रुपये, म्हणजे बरोबर दीडपट. हिशेबात चूक नाही. पण तो लहान खर्चाचा दीडपट आहे, आणि तो खर्चही साऱ्या देशाची सरासरी आहे. सिंचनावर एकरी भरपूर पिकवणारा आणि पावसाच्या भरवशावर तीन-चार क्विंटलवर थांबणारा, दोघे त्या सरासरीत एकत्र बसवलेले आहेत. एकरी उतारा कमी, तिथे क्विंटलमागचा खर्च चढतो. यवतमाळची कोरडवाहू पऱ्हाटी त्या चढत्या बाजूला उभी आहे. हमीभावाच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक टेबलं आपटतात, पण आपल्या तालुक्याचा क्विंटलमागचा खर्च नेमका किती, हे कागद काढून सांगणारं माणूस क्वचित सापडतं. ते माणूस घडवणं, हे मला या पदव्युत्तर शिक्षणाचं पहिलं काम वाटतं.

असा घराघरांचा हिशेब लिहिता येतो, याचा पुरावा जवळच्याच एका जिल्ह्यात आहे. 1975 मध्ये हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेने कोरडवाहू भागातली सहा गावं निवडून तिथल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा हिशेब लिहायला सुरुवात केली. त्यांत अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा ही दोन गावं होती. पाहणी करणारे तिथे गावातच राहत. रॉबर्ट टाउनसेंड यांनी ही माहिती वापरून 1994 मध्ये जो निबंध लिहिला, तो विकासाचं अर्थशास्त्र शिकणाऱ्याला आजही वाचावा लागतो. एका घराचं उत्पन्न घटलं, तरी त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च त्या मानाने घटत नाही. गाव त्याला बरंच सावरून घेतं, असं त्यांना कानझऱ्यासह तीन गावांत आढळलं. बरोबर आहे. पण 2017 सारखी गुलाबी बोंडअळी सगळ्या शिवारावर एकदम आली, तर कोणी कोणाला सावरायचं? गावातलं गावात भागत नाही, तिथे विमा लागतो, बाहेरचा पैसा लागतो. त्या वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या घरांचा पुढच्या वर्षांचा हिशेब कोणी लिहून ठेवला असता, तर आपल्याला आज पुष्कळ कळलं असतं.

यवतमाळवर अहवाल कमी नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2005 मध्ये आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांचे अभ्यास केले; पंतप्रधान येऊन गेले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आलं. त्या अभ्यासकांविषयी मला आदरच आहे. पण बाहेरून आलेला माणूस काही आठवडे राहतो, आणि तेही संकट टिपेला असताना. बऱ्या वर्षात कोणी येत नाही. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा ते पैसे कुठे गेले? जुनं देणं फिटलं, लग्नं झाली, बोअर मारली, की पोरगं पुण्याला शिकायला गेलं? वाईट वर्षाइतकंच हे चांगलं वर्षही समजून घ्यायला हवं होतं.

यवतमाळ, पुसद, वणीच्या महाविद्यालयांत एम.ए. करणाऱ्या मुलांचा बराचसा जीव नेट-सेट आणि एमपीएससीत अडकलेला असतो. घरची ओढ पाहता त्यांना बोल लावण्याचा मला हक्क नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आणला आहे, आणि तो प्रत्येकाला करायचाच आहे. मग दरवर्षी नवा विषय, नवी प्रश्नावली, नवं बाइंडिंग कशासाठी? एका महाविद्यालयाने चार गावं घ्यावीत, प्रत्येकी पंचवीस घरं. दर तुकडीने त्याच घरांत जावं, तेच प्रश्न विचारावेत आणि मागच्या तुकडीच्या वहीला आपलं वर्ष जोडावं. उधारीचा रकाना वेगळा ठेवावा. काकूंचे दिवस वर्षाच्या शेवटी आठवायला लावू नयेत; दर पंधरवड्याला जाऊन लिहावेत. हिशेब तयार झाला, की तो आधी त्याच गावांत वाचून दाखवावा, मग बाजार समितीत आणि जिल्हाधिकारी कचेरीत द्यावा. पुढची कर्जमाफी येईल तेव्हा कुठल्यातरी हेक्टरवर पुन्हा रेषा आखली जाईल, आणि ती इथे चुकते हे दाखवायला शंभर घरांचा हिशेब हाताशी असेल.