चष्मा कोणाला खुपतो?

काचीगुड्यातील आपल्या जुन्या घरांत मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू झाले, की पत्रिका, शिक्षण आणि उंची यांच्या जोडीने आणखी एक प्रश्न हलक्या आवाजात येतो : ‘मुलीला चष्मा आहे का?’ पूर्वी छायाचित्रापुरता चष्मा काढून ठेवीत. आता ‘लेसर करून घेऊ’ असे सांगता येते. आमच्या नात्यातील एका मुलीला वडीलधाऱ्यांनी हेच सुचविले, तेव्हा ती म्हणाली, ‘काका, मला चष्म्यातून स्वच्छ दिसते. मग तो घालवायचा कोणासाठी?’ मला त्या वेळी उत्तर देता आले नाही.

या उपचाराचा उगम नेत्रवैद्यकात झालेला नाही. मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांनी आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर एक्सायमर लेसरचे अतिनील किरण सोडले. छेद रेखीव पडला आणि कडा जळल्या नाहीत. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी होते. पुढे १९८३ मध्ये नेत्रशल्यविशारद स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पटलाला, याच किरणांनी आकार देता येईल. १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे मार्गरीट मॅक्डोनाल्ड यांनी एका स्त्रीच्या दृष्टी असलेल्या डोळ्यावर हा प्रयोग केला. कर्करोगामुळे तो डोळा लवकरच काढावा लागणार होता. जाणारा डोळा जाण्यापूर्वी इतरांच्या उपयोगी पडावा, म्हणून तिने संमती दिली होती.

आक्षेप असा, की शस्त्र रोगावर चालवावे, निरोगी अवयवावर नव्हे. आपल्याच शहरात बंजारा हिल्सवरील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत मरणोत्तर दान केलेले कॉर्निया अंधांना बसविले जातात. जे पटल एखाद्याला दुसऱ्याच्या दानातून मिळते, तेच धडधाकट असताना आपण किरणांनी झिजवून घेतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. काहींचे डोळे कोरडे पडतात, काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. शिवाय चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुधा लागतोच.

तरीही या इच्छेला केवळ हौस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जाड भिंगांवाचून ज्याला उशाशी ठेवलेले घड्याळही दिसत नाही, त्याची परस्वाधीनता इतरांना कळणे कठीण. रोग नसला तरी गैरसोय खरी असते, आणि ती दूर करण्यासाठी थोडा धोका पत्करण्याचा अधिकार त्या माणसाला आहे.

प्रश्न उरतो तो निर्णय कोणाचा, हा. काचीगुडा स्थानकावरून गाडी नेणाऱ्या चालकाच्या दृष्टीबद्दल रेल्वे काटेकोर असते. सहायक लोको पायलटच्या भरतीत चष्मा चालत नाही आणि लेसर शस्त्रक्रिया झालेला उमेदवारही चालत नाही. नियम कठोर आहे, परंतु त्यामागे प्रवाशांच्या प्राणांचे कारण आहे. वधूपरीक्षेतील प्रश्नामागे कोणते कारण आहे? आनुवंशिकतेची चिंता म्हणावी, तर लेसरने केवळ कॉर्नियाचा आकार बदलतो. लघुदृष्टीचा वारसा तसाच राहतो. म्हणजे फक्त दिसणे बदलते, आणि तेही पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी. संमतिपत्रावर सही मुलीची असते, पण ती करविणारा हात पुष्कळदा घराचा असतो. न्यू ऑर्लिन्सच्या त्या स्त्रीने जाणारा डोळाही स्वतःच्या मनाने दिला. आपल्या मुलींना त्यांच्या राहणाऱ्या डोळ्यांबद्दल तेवढेही स्वातंत्र्य नसावे काय?

त्या मुलीने पुढे दोन वर्षांनी शस्त्रक्रिया करून घेतली. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क बांधला, की तिच्या चष्म्यावर वाफ धरत असे. डोळे तेच होते आणि उपचारही तोच होता. या वेळी मात्र तिने आम्हांला विचारले नाही, फक्त कळविले. घरातील काहींना ते खुपले. मला मात्र तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळाले.