दहावीनंतर : हाताची विद्या की पुस्तकाची?



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न येतो : आता पुढे काय? प्रश्न आपण मुलांना विचारतो, पण बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेले असते. मार्क भरपूर असले तर सायन्स, बरे असले तर कॉमर्स किंवा आर्ट्स, आणि अगदीच कमी असले तर ‘टाका आयटीआयला’. या शेवटच्या शब्दाकडे जरा लक्ष द्या. कॉलेजला आपण मुलाला ‘घालतो’, ‘पाठवतो’. आयटीआयला मात्र ‘टाकतो’. मूल काही शिकण्याआधीच आपण त्याचा निकाल लावून मोकळे होतो.

काही दिवसांपूर्वी मिस्सा झाल्यावर एक आई आमच्याशी बोलत थांबल्या. मुलाला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते. लहानपणापासून घरातला बंद पडलेला पंखा, मिक्सर उघडून बसणारा तो मुलगा. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचे होते. आईचे म्हणणे एवढेच, “इतके मार्क पडले आणि आयटीआय? लोक काय म्हणतील?”

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. कारण हे ‘लोक’ म्हणजे आपणच. दरवर्षी आपण गुणवंत मुलांचा सत्कार करतो, टक्के वाचून दाखवतो, टाळ्या वाजवतो. पण वेल्डरचा किंवा फिटरचा कोर्स चांगल्या गुणांनी पूर्ण करणाऱ्या मुलाला त्या सत्कारात कधी पुढे बोलावल्याचे आम्हाला आठवत नाही.

तरीही त्या आईची भीती आपण हसण्यावारी नेऊ नये. त्या भीतीला मोठा इतिहास आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आजोबा-पणजोबांनी हाताचे काम निवडले नव्हते. जन्माने ते त्यांच्या माथी मारले होते. ज्यांना पाटी मिळू दिली नाही, त्यांच्यासाठी पुस्तक म्हणजे सुटकेची वाट होती. अशा घराला ‘हाताची कामेही थोर असतात’ असे नुसते सांगून चालत नाही. ज्याची स्वतःची मुले इंजिनियरिंगला आहेत, त्याने तर ते दुसऱ्याच्या मुलाला सांगूच नये.

हा धोका कल्पनेतला नाही. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात आई-वडिलांचा धंदा शिकावा, अशी ती योजना. कागदावर श्रमाची प्रतिष्ठा होती. प्रत्यक्षात न्हाव्याचा मुलगा न्हावीच राहील, अशी ती सोय होती. लोकांनी तीव्र विरोध केला. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली.

पण म्हणून आपल्या समाजसुधारकांनी हाताच्या विद्येकडे पाठ फिरवली का? नाही. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे ज्ञानही द्यावे असे सुचवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात दोन्ही गोष्टी मागितल्या : विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून प्रवेश. शेजारच्या मनमाडला पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना पाहिलेल्या आपल्याला या मागणीचे मोल वेगळे सांगायला नको. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणे वेगळे आणि आजवर बंद असलेले कसब स्वतः होऊन शिकणे वेगळे. हत्यार तेच असेल, पण ते हाती कसे आले याने माणसाचे जीवन बदलते.

जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ज्ञान मिळवायला फुरसत लागते, असे तो ग्रंथकार स्पष्टपणे सांगतो. मग तो नांगरणारा, कोरीव काम करणारा, लोहार, कुंभार यांची ओळख करून देतो. लोहाराच्या अंगाला भट्टीची धग लागते, कुंभाराचे मन चाकावर खिळलेले असते. यांच्याशिवाय नगर वसू शकत नाही, हे तो मान्य करतो. पण नगराच्या सभेत यांना कोणी विचारत नाही, हेही तो नोंदवतो. अडीच हजार नसली तरी दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, आपली सभा बदलली का? आपल्या समित्यांवर, मंडळांवर कोणाची नावे असतात ते आठवून पाहावे. मुले मूर्ख नसतात. कोणाला खुर्ची दिली जाते आणि कोणाला खुर्च्या मांडायला सांगितले जाते, हे ती पाहत असतात.

इटलीतील ट्युरिन शहरात संत डॉन बॉस्को यांनी गरीब मुलांसाठी काम केले, तेव्हा त्यांना हा प्रश्न रोज भेडसावत होता. 1852 मध्ये एका मुलाला सुताराकडे शिकायला ठेवताना त्यांनी लेखी करार करून घेतला. मालकाने मुलाला मारू नये, त्याच्याकडून धंद्याबाहेरची कामे करवून घेऊ नयेत, सणाच्या दिवशी सुटी द्यावी, अशा त्यात अटी होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या संस्थेत चांभारकाम आणि शिवणकाम शिकवणे सुरू केले. त्याबरोबर संध्याकाळी मुलांना लिहिणे-वाचणे आणि हिशेबही शिकवला जाई. धंदा शिकणाऱ्या मुलाला पुस्तक नको, असे त्यांनी मानले नाही.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. आपल्या नांदगाव स्टेशनवरून रात्रंदिवस मालगाड्या जातात. त्या गाडीच्या इंजिनात असिस्टंट लोको पायलट म्हणून भरती व्हायचे तर दहावीनंतर ठरावीक ट्रेडमधले आयटीआय किंवा इंजिनियरिंगचा डिप्लोमा लागतो, नुसत्या बी.ए.वर तिथे अर्ज करता येत नाही. गाडीच्या शेवटी जे गार्ड असतात, ज्यांना 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्या पदाच्या थेट भरतीला पदवी लागते. स्टेशन मास्तरच्या थेट भरतीलाही पदवीच. एकाच गाडीला दोन्ही वाटांनी आलेली माणसे लागतात.

शिवाय एक वाट धरली म्हणजे दुसरी कायमची बंद होते, हा समज बरोबर नाही. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा फिटरसारखा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. डिप्लोमा झाला की इंजिनियरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दरम्यान 1961 च्या कायद्याप्रमाणे कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून काम करताना विद्यावेतनही मिळते. मात्र ही वाट सोपी आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्रवेश गुणांवर मिळतो, आणि डिप्लोमाचे गणित आयटीआयमधून आलेल्या मुलाला जड जाते. म्हणून ट्रेड शिकतानाही गणित आणि इंग्रजी सोडू नये.

तसेच कॉलेजची वाट ही केवळ नोकरीसाठी असते, असेही नाही. ज्या मुलाला इतिहास, भाषा किंवा शुद्ध विज्ञान मनापासून आवडते, त्याला ‘यातून काय मिळणार’ म्हणून जबरदस्तीने वर्कशॉपमध्ये पाठवणे हाही अन्यायच. पंधरा वर्षांच्या मुलाला आपले मन पुरते कळलेले नसते. अशा वेळी अकरावी-बारावीची दोन वर्षे विचार करायला मिळाली, तर ती वाया गेली असे समजू नये.

मुलींच्या बाबतीत तर आपण निवडच करत नाही. घराजवळचे कॉलेज, आर्ट्स आणि लग्न होईपर्यंत शिक्षण, एवढ्यात विषय संपतो. तिचा हात कशात चालतो, डोके कशात चालते, हे तिला कोण विचारतो?

मग आई-वडिलांनी करायचे काय? आम्हाला वाटते, निर्णयाच्या आधी तीन प्रश्न प्रामाणिकपणे विचारावेत. ही वाट मुलाने पाहून, समजून घेतली आहे का? चूक झाली तर परत फिरायला त्याला जागा आहे का? आणि त्याला शेजाऱ्यापेक्षा दहा टक्के जास्त पडले असते किंवा कमी पडले असते, तरी आपण हाच सल्ला दिला असता का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण मुलाचे भविष्य ठरवत नसून स्वतःची अब्रू सांभाळत आहोत.

त्या आईंना आम्ही शेवटी एवढेच म्हणालो : मुलाला घेऊन एकदा आयटीआयचे वर्कशॉप बघून या, एखाद्या ज्युनियर कॉलेजातही जाऊन या, आणि परत येताना तुम्ही न बोलता त्याला बोलू द्या. त्या गेल्या. मुलाने काय ठरवले ते अजून आम्हाला कळलेले नाही, आणि ते आम्ही ठरवायचेही नाही.

आपल्या हाती आहे ते आपण करू या. यंदाच्या सत्काराच्या यादीत बारावी, आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग अशी सगळी नावे एकत्र, एकाच कागदावर लिहू या आणि त्यांच्यापुढे टक्के लिहूच नयेत. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत नाव द्यावे. लाजून घरी राहू नये.