लावणारा एक, सावलीत बसणारा दुसराच



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक आपण सगळ्यांनी ऐकलाय. प्रमोशन हुकलं की तर हमखास कोणीतरी ऐकवतंच! पण तो फक्त सांत्वनापुरता आहे का?

गेल्या शनिवारी भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन आम्ही इंग्लंडमधल्या विल्टशरला, स्टोअरहेडची बाग बघायला गेलो. पानगळीचे दिवस. बीच, मेपल पिवळे-तांबडे झालेले आणि तळ्यात त्यांचं प्रतिबिंब. हे तळंसुद्धा माणसाने केलेलं. हेन्री होर या बँकरने १७४० च्या दशकात बाग आखायला घेतली, पाणी अडवलं. पुढे नातवाने आणखी झाडं लावली. त्यांनी रोपं पाहिली, डेरेदार झाडं आपल्या वाट्याला आली.

पुढे या घराण्यातला एकुलता एक मुलगा १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात गेला. त्याच्या वडिलांनी १९४६ मध्ये वाडा आणि बाग नॅशनल ट्रस्टकडे सोपवली.

हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. रत्नागिरीजवळ आमची लहानशी आमराई आहे, आणि मी एकुलता एक, इथे. मग म्हणाले, "या पावसात पाच कलमं लावली."

"बाबा, पुढे कोण बघणार?"

"ते मला ठाऊक नाही रे. पाणी घालायला अजून मी आहे ना!"

मित्रांनो, फळावर हक्क नाही म्हणजे काम ढिलं करा, असं नाही. कर्म टाळायची ओढही नको, हे भगवंतांनी त्याच श्लोकात बजावलंय. पान गळण्याआधी झाड त्यातलं उपयोगी द्रव्य आत ओढून घेतं, देठाशी एक थर तयार करतं, मगच पान सुटतं. सोडणंही झाड नीट करतं.

आमराईचा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. परत जायचं की कुणाच्या हाती सोपवायची, बोलणं चालू आहे. पण "हे माझंच राहील का?" हा फळाचा प्रश्न, आणि "आज पाणी घातलं का?" हा कर्माचा. दुसऱ्याचं उत्तर आजच देता येतं.

आजची साधना: ज्याचं श्रेय आपल्याला मिळणार नाही, असं एक काम आज मन लावून करा. नव्या सहकाऱ्यासाठी नीट डॉक्युमेंटेशन लिहिलंत तरी चालेल. झालं की हात जोडा आणि सोडून द्या.

श्रीकृष्णार्पणमस्तु.