वचन वाचते, पण काहीच वाटत नाही

शंका : पाळकसाहेब, माझं माहेर अहिल्यानगरचं. नोकरीमुळे बंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहते. कंपनीच्या बसमध्ये रोज पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचते. बस रिंग रोडवर अडकली की दोनही होतात. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत इतर जणी डोळे पुसत साक्ष देतात. मला तसं काहीच होत नाही. उलट डोंगरावरचं प्रवचन हल्ली वाचायलाच नको वाटतं, कारण वडिलांच्या घरावरून भावाशी अबोला आहे. माझा विश्वास कोरडा आहे का?
— एक भगिनी

समाधान : ताई, ज्या उताऱ्याला तुम्ही बगल देता, तो तुम्हाला लागला आहे. वचनाचं सामर्थ्य जाणवलं नाही, असं कसं म्हणता? रडू येणं हा स्वभावाचाही भाग असतो. ज्यांना येतं त्यांना नावं ठेवू नये, न येणाऱ्यांनी ओढून आणू नये.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. शास्त्राचा एवढा अभ्यास असूनही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनीच पुढे लिहिलं. मनाची खात्री पटायला आठेक वर्षं गेली. पण तोवर त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. याकोबाच्या पत्रातही वचन नुसतं ऐकू नका, त्याप्रमाणे वागा, असंच बजावलं आहे.

म्हणून या आठवड्यात पुढचे अध्याय राहू द्या. डोंगरावरच्या त्याच प्रवचनातल्या, मत्तय ५ मधल्या २३ आणि २४ या दोनच ओव्या वाचा. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करावा, असं तिथे सांगितलं आहे. मग भावाला फोन लावा. घराचा विषय काढू नका, तब्येत विचारा. हक्क सोडा, असं मी म्हणत नाही. वाटणी वकिलामार्फत होऊ द्या. अबोला मात्र वकील मोडून देणार नाही. भाऊ पहिल्यांदा तोडूनही बोलेल. थोडे दिवस जाऊ द्या आणि पुन्हा लावा. तो काय करेल ते तुमच्या हाती नाही, फोन लावणं आहे.

प्रार्थनासभेत सांगण्याजोगं काही नसेल तर गप्प बसायला हरकत नाही. आणि 'रडू आलं नाही, पण भावाला फोन केला,' एवढंच सांगितलंत तरी ती पुरी साक्ष आहे.