गोड व्हायचं ते वेलावरच

सकाळचे पावणेसात. पुणे रस्त्यावर चिंचोळी एमआयडीसीच्या फाट्यापाशी पहिल्या पाळीची माणसं उतरत होती. कडेला टेम्पोत खरबुजांचा ढीग. हातात डबा असलेल्या एका बाईंनी त्यातलं एक उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "मामा, कडक वाटतंय. दोन दिवस घरात ठेवलं तर होईल ना गोड?" हो म्हटलं असतं तर खपलं असतं. पण विकणारा म्हणाला, "ठेवल्यावर मऊ होतंय ताई, वास बी सुटतोय. पण गोड न्हाई होत. गोड व्हायचं ते येलावरच."

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. आंबा किंवा केळं कच्चं असताना पोटात पिठाचा साठा धरून असतं, आढीत त्याच पिठाची साखर होते. खरबुजाच्या गरात असा साठा नसतो. पानं उन्हात साखर करतात आणि ती देठातून फळात उतरते, तीच काय ती मिळकत. देठ तुटला की मिळकत थांबली. पुढे रंग येतो, गंध येतो, गर मऊ पडतो, पण गोडी जिथल्या तिथे राहते.

मग एक प्रश्न उरतो. पानं तर पहिल्या दिवसापासून साखर पाठवत असतात, तरी कोवळं खरबूज फिकं का लागतं? याचं उत्तर जनुकांच्या कामात आहे. २०१२ साली खरबुजाचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे २७ हजार जनुकं मोजली गेली. मूळ, पान, गर, सगळीकडे संच तोच. फरक पडतो तो कुठलं जनुक कधी कामाला लागतं आणि कधी गप्प बसतं यानं. कोवळ्या फळात ॲसिड इन्व्हर्टेज नावाचं विकर जोरात असतं. आलेल्या साखरेतलं सुक्रोज ते लगेच फोडतं आणि त्या तुकड्यांवर फळ वाढतं. आली की खर्च. पूर्ण आकार आला की या विकराचं जनुक मंदावतं, सुक्रोज घडवणाऱ्या विकराचं काम वाढतं आणि शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत साखर पेशींच्या कोठारात साठत जाते. म्हणजे गोडी येते ती मुख्यतः एक खर्च थांबल्यानं. खरबुजाच्या ज्या जातभाईंत हा खर्च शेवटपर्यंत चालू राहतो, ते पिकूनही फिकेच राहतात. आपला चिभूड खरबुजाचाच भाऊबंद, पण तो खाताना गुळाचा खडा शोधावा लागतो.

टेम्पो उभा होता त्या फाट्यावरच्या औद्योगिक वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला एक दांडा. इंजिनाची कुठली झडप केव्हा उघडायची आणि केव्हा मिटायची, हे ते उंचवटे ठरवतात. झडप चांगली असून भागत नाही, ती वेळेवर मिटावीही लागते. खरबुजातही तसंच. फरक इतकाच की दांड्यावरचे उंचवटे कारखान्यात एकदा घासून पक्के होतात. वेलाचं मात्र पानांवर अवलंबून असतं. भुरी पडून पानं वाळली, तर खर्च थांबूनही काय साठणार? आणि तोडणीच्या तोंडावर पाणी जास्त झालं, तर गोडी पातळ होते. म्हणून जाणता शेतकरी शेवटच्या आठवड्यात पाण्याचा हात आखडता घेतो आणि पानं जपतो. भाव चढलेला असतानाही तोडणी दोन दिवस पुढे ढकलणं हे त्याहून अवघड काम.

तेवढ्यात फाट्यावरून आयटीआयची चार पोरं हसत-खिदळत गेटकडे गेली. नवे शिकाऊ. यांच्या घरी महिनाअखेरीला एक प्रश्न ठरलेला असणार, "किती शिल्लक पडले?" आणि यांची शिल्लक बहुतेक शून्य असणार. कारण जे येतं ते अंगी लागतंय: हात बसवण्यात, चुकण्यात, चार माणसांत वावरायला शिकण्यात. आपण मात्र त्यांना दाबून पाहतो, फिकं म्हणतो आणि घाईनं दुसऱ्या वाटेला लावतो. पुढे ती वयानं पिकतात, बोलणं मऊ होतं, चारचौघांत वासही सुटतो. गोडीचं काय?

वाढीच्या दिवसांतला फिकेपणा हा दोष नसतो, तो खर्चाचा हिशेब असतो. आणि ज्यांची वाढ कधीच पुरी झाली आहे, त्या आपल्यासारख्यांनी दुसरा हिशेब पाहावा: आपलं खर्ची पडणं अजून वाढीसाठी आहे, की ते थांबवायचं राहून गेलं?

बाईंनी कडक खरबूज ढिगात परत ठेवलं. विकणाऱ्यानं देठाच्या जागेशी नाक नेत दुसरं निवडून दिलं. देठ आपसूक सुटलेला होता, कुणी तोडलेला नव्हता. तेवढ्यात सातचा भोंगा झाला.