ठेवायचे काय, सोडायचे काय?

आपल्या दत्तसंप्रदायातली एक गोष्ट मला पुष्कळ वर्षे कोड्यात टाकत आली आहे. एकीकडे आपला अवधूत. घर नाही, दार नाही. खांद्याला झोळी, तीही रोज रिकामी होणारी. दुसरीकडे आपण जिथे डोके टेकतो त्या पादुका. औदुंबरच्या विमल, वाडीच्या मनोहर, गाणगापूरच्या निर्गुण. पादुका म्हणजे तरी काय, महाराजांनी मागे ठेवलेली आठवणच ना? ज्याने काहीच साठवले नाही, त्याच्या संप्रदायात वस्तूला एवढे माहात्म्य कसे?

हा प्रश्न फक्त शास्त्री-पंडितांचा आहे असे समजू नका. साठी उलटली की तो प्रत्येक घरात येतो. मुले नोकरीच्या गावी, घर आवरायला घेतलेले, माळ्यावरची ट्रंक खाली उतरलेली. आत जुनी रेशनकार्डे, इनलँड पत्रे, तारा, शाळेचे दाखले, बंद पडलेले एचएमटीचे घड्याळ, कोणाचे तेच आठवत नाही असे जावळाचे टोपडे. मुलगा म्हणतो, "बाबा, एवढं कशाला ठेवायचं?" बायको म्हणते, "असू दे, खायला मागतंय का?" दोघांचेही खरे असते, आणि ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते.

बँकेत याला नियम होता. 1985 च्या नियमांप्रमाणे काही कागद पाच वर्षे ठेवायचे, काही आठ. मुदत संपली, वाद किंवा कोर्टकज्जा नसला, की साहेबांची सही घ्यायची आणि रद्दी. आठवणींना अशी मुदत कोण घालणार?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथांनी ते एकनाथी भागवतात फार प्रेमाने विस्तारले आहेत. त्यातला कुरर पक्षी या बाबतीत मला फार जवळचा वाटतो. चोचीत मांसाचा तुकडा आहे तोवर बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात; तुकडा टाकला, सुटला, सुखी झाला. मधमाशीचेही तसेच. साठवते ती, नेतो दुसराच. मात्र एक लक्षात घ्या. अवधूताने ना तो पक्षी जवळ ठेवला, ना ते पोळे. त्यांनी दिलेला धडा तेवढा बरोबर घेतला. वस्तू तिथेच राहिली, शिकवण पुढे चालली.

मग पादुकांचे काय? वाडीला पावसाळ्यात कृष्णेचे पाणी मंदिरात शिरते. पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते, आणि त्या सोहळ्यात स्नानाला माणसे धावतात. पाणी आणखी चढले की पादुका पाण्याखाली जातात. "पादुका सुरक्षित जागी हलवा" असे कोणी म्हणत नाही. पाणी उतरते, गाळ निघतो, नित्यपूजा सुरू होते. मला वाटते, उत्तर इथेच आहे. पादुका कपाटात नाहीत, सेवेत आहेत. त्यांच्यावर कोणा एकाची मालकी नाही. आणि त्या नदीच्या स्वाधीन करायला आपण भीत नाही.

2019 च्या महापुरात सांगलीतल्या माझ्या एका सहकाऱ्याच्या घरात छातीइतके पाणी होते. अल्बमचा लगदा झाला. महिन्याने भेटायला गेलो तर म्हणाले, "काय काय गेलं याची यादी करायला बसलो, पण निम्म्या वस्तू आठवेनात. आठवत नाहीत त्यांचं दुःख तरी कसं करायचं?" आईची पोथी मात्र त्यांनी पान पान सुटे करून पंख्याखाली वाळवली होती. का, तर ती रोज वाचनात होती.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता. पण वडिलांच्या ट्रंकेतल्या दोन कागदांनी तो मला जास्त खोलात नेला.

पहिला कागद 1973 सालचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरची हातउसन्याची चिठ्ठी, रेव्हेन्यू तिकीट लावून सही केलेली. भावकीतल्या एकाने वडिलांकडून सहाशे रुपये घेतलेले. परत आल्याची नोंद कुठे नाही. मुदतीच्या कायद्याने असे येणे तीन वर्षांतच बुडते, त्यामुळे कागदाला किंमत शून्य. पण पुतण्याने तो वाचला आणि पटकन म्हणाला, "म्हणजे काका, त्यांनी आपले पैसे बुडवले!" ज्या घरी तो लहानपणापासून जेवत आला, त्या घराविषयी अर्ध्या मिनिटात मन काळे झाले. वडील या पैशांविषयी हयातीत एक शब्द बोलले नाहीत. विसरले, की सोडून दिले, हे आता कळायला मार्ग नाही. पण जे त्यांनी मागितले नाही ते मागायचा वारसा माझ्याकडे कुठून येणार? मी पुतण्यासमोर चिठ्ठी फाडली.

दुसरा कागद म्हणजे मनिऑर्डरचे कूपन. 1977 साल, मी कॉमर्सला प्रवेश घेतला ते वर्ष. वडिलांच्या एका स्नेह्यांनी दीडशे रुपये पाठवले होते. खाली दोन ओळी: मुलाच्या फीसाठी, परतीची घाई नाही. हे पैसे फिटले की नाही, याचीही नोंद नाही. पुतण्याने विचारले, "मग हेही फाडायचं?"

प्रश्न बिनतोड होता. जुने ते विसरावे हा नियम एकदा घातला, की तो दोन्ही कागदांना लागू व्हायला हवा. पण मन मानेना, आणि कारण मला बँकेतच सापडले. ठेवीदार दहा वर्षे फिरकला नाही, तर त्याची ठेव 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तरी त्याचा किंवा वारसाचा हक्क बुडत नाही. कधीही या, खात्री पटवा, पैसे घेऊन जा. कर्ज मात्र बुडीत म्हणून राइट ऑफ करता येते. बँक तेव्हाही वसुली सोडत नाही, तो तिचा धंदा आहे. माणसाने एक पायरी वर चढायला काय हरकत आहे? येणे असेल ते मनातून सुद्धा राइट ऑफ करावे. देणे असेल त्याला मुदत लावू नये.

त्या स्नेह्यांच्या कन्येचा पत्ता काढून मी त्यांच्याकडे गेलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत. कूपन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "पैसे राहू द्या. दादांचं अक्षर माझ्याकडे कुठंच नाही, हे मी ठेवून घेऊ?" ते कूपन आता त्यांच्या देवघरात आहे. माझ्या ट्रंकेत ती रद्दी होती. तिथे तिची पादुका झाली. रक्कम त्या स्नेह्यांच्या नावे अन्नदानाला दिली.

म्हणून दत्तभक्तांना एवढेच सुचवावेसे वाटते. ट्रंक उघडाल तेव्हा प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. ही कोणाच्या सेवेत आहे का? ही कोणाविषयी मनात कडवटपणा ठेवते का? आणि हिची खरी जागा दुसऱ्या कोणाच्या घरी आहे का? जी सेवेत आहे ती ठेवा, जी कडवटपणा ठेवते ती सोडा, जी दुसऱ्याची आहे ती पोचती करा. उरलेल्यांचे ज्याने त्याने ठरवावे. टोपडे कोणाचे ते आमच्या घरी अजून ठरलेले नाही, आणि ते टाकायचा धीरही कोणाला झालेला नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळण्याची दोरी हातात घेताना झोळीची आठवण ठेवावी. झोळीत भिक्षा येते ती वाटून मोकळे होण्यासाठी. आठवणींचेही तसेच असावे.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.