चातकाचा फोटो आणि त्याखालची ओळ



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या १७व्या अध्यायातल्या १५व्या श्लोकावर. या भागात भगवंत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं अशी तीन तपं सांगतात. आजचा श्लोक वाणीच्या तपाचा. कुणाच्या मनाला उद्वेग होणार नाही असं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, शिवाय नित्याचा स्वाध्याय, हे वाणीचं तप.

नीट बघा, हे गुण सुटे सुटे दिलेले नाहीत, ते एकत्र हवेत. खरं पण टोचणारं बोललो तर लोक लगेच सांगतात. गोड पण खोटं बोललो तर मात्र कुणी टोकत नाही, आणि ते देवाच्या नावाने असेल तर उलट शेअर होतं.

हा श्लोक मला या पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावर नीट कळला. जूनचा शेवट होता. नागपूरहून काटोल रोडने गोरेवाडा मागे टाकून मी आणि माझी मामेबहीण पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो होतो. पावसाची रिपरिप चालू, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, आणि दर दोन मिनिटांनी लेन्स पुसायची. उजेड इतका कमी की दहातले नऊ फोटो हललेले. तेवढ्यात बाभळीच्या शेंड्यावर तो येऊन बसला. वरून काळा, पोटाकडून पांढरा, डोक्यावर ऐटदार तुरा. चातक! त्याने मान वर केली, चोच उघडली, आणि नेमका तोच क्षण कॅमेऱ्यात आला. मागे पावसाच्या रेघाही दिसत होत्या.

शेतातले काका डोक्यावर पोतं घेऊन जवळ आले. म्हणाले, "काय पाह्यता जी? हा तं दरसाल येते. मिरगात हा ओरडला का आमी बियाण्याचं पाह्यतो."

बहीण स्क्रीनकडे बघून म्हणाली, "दादा, खाली लिही, 'पावसाचा पहिला थेंब पिताना चातक'. भक्तीचं एवढं सुंदर चित्र कुणाला मिळतं?"

मी म्हटलं, "तो पीत नव्हता गं. ओरडत होता. आपण दोघांनी ऐकलंय."

मग तिला सांगितलं की चातक फक्त पावसाचंच पाणी पितो, हे खरं नाही. नदी-तळ्याचं पाणी त्याला वर्ज्य नाही, आणि तो जे सुरवंट खातो त्यातूनही त्याला पाणी मिळतं. पावसाबरोबर किडे-सुरवंट वाढतात, सातभाई घरटी करतात, म्हणून तो येतो. अंडी स्वतःच्या घरट्यात नाही, सातभाईच्या घरट्यात घालतो.

ती गप्प झाली. मग विचारलं, "म्हणजे संतांनी खोटं सांगितलं?"

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात कधी ना कधी आला असेल. विज्ञानाचं एक पान वाचलं की श्रद्धेची एक वीट हलल्यासारखी वाटते. पण आपल्या शास्त्रात दृष्टान्ताबद्दल एक साधा नियम आहे: दृष्टान्त एकदेशी असतो. म्हणजे त्यातली एकच बाजू घ्यायची. एखाद्याला आपण 'वाघ आहेस' म्हणतो तेव्हा त्याची शेपटी शोधत नाही. संतांनी चातकाकडून घेतली ती एकनिष्ठता. नजर एकाकडेच लावून धरायची. ते पक्ष्याच्या पोटाचं शास्त्र सांगत नव्हते, आपल्या मनाला वळण लावत होते. त्यामुळे चातक तळ्यावर पाणी प्यायला, तरी संतांचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते आपण फोटोखाली खोटी ओळ लिहिली की. दृष्टान्त सांगणं वेगळं आणि पुरावा बनवणं वेगळं. देवाला आपल्या बनावट पुराव्याची गरज नाही.

आणि खरं ऐकलं तर ते कमी अद्भुत आहे का? आपल्याकडे पावसाळ्यात येणारे चातक समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतात, असं अभ्यासक मानतात. २०२० साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने आणि भारतीय सुदूर संवेदन संस्थेने दोन चातकांना छोटे ट्रान्समीटर लावले होते. नावं ठेवली 'मेघ' आणि 'चातक'. प्रयोगशाळेतही आपलीच परंपरा आठवली बघा!

आता त्या पिल्लाचा विचार करा. त्याला वाढवतात सातभाई, जे स्वतः कुठे लांब जात नाहीत. जन्मदात्यांनी त्याला शिकवलेलं काहीच नसतं. तरी पावसाळा सरला की ते न पाहिलेल्या देशाकडे झेप घेतं. दिशा कुणी दाखवत नाही, ती आतच असते. शहरात, ऑफिसात, हॉस्टेलवर, जिथे कुणी देवाचं नावही काढत नाही तिथे वाढूनही तुमच्या मनाला जी ओढ लागते ना, ती मला या पिल्लात दिसली. अर्थात हाही दृष्टान्तच. एकदेशी!

त्या फोटोखाली शेवटी बहिणीनेच लिहिलं: 'चातक, साद घालताना. काटोल रोड.' खरं, गोड, आणि उद्या कुणी पक्षी शिकायला बसला तर त्याच्या हिताचंही.

आजचा संकल्प छोटा आहे. देवाधर्माचा कुठलाही फोटो, व्हिडिओ किंवा चमत्कार पुढे पाठवण्याआधी थांबा आणि विचारा: हे खरं आहे का? ठाऊक नसेल तर तिथेच थांबवा. तेवढ्यानेही वाणीचं तप घडेल.

राम कृष्ण हरी. उद्या १६वा श्लोक, मनाचं तप.